दुसऱ्याच्या मजकुरातल्या खुणा

मुद्रितशोधकाच्या कामात एक मोठी सोय असते. मजकूर मध्ये असतो आणि खुणा समासात असतात. शब्द गाळायचा असला की त्यावर रेघ मारून समासात खूण करायची. अक्षर ठळक हवे असले की खाली नागमोडी रेघ ओढायची. कंपोझिटर त्या खुणा वाचतो, पाळतो आणि मग त्या नाहीशा होतात. वाचकाच्या हाती पुस्तक पडते तेव्हा त्याला खुणांचा मागमूसही लागत नाही. बेळगावच्या छापखान्यांत मराठी आणि कन्नड कामे एकाच टेबलावर येत. दोन्ही लिप्यांची मुद्रिते वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर जे काम हाती आले त्याला मात्र समासच नाही.

हे काम संगणकाच्या वाक्यांचे आहे. कोणतीही आज्ञावली माणसाशी चार वाक्ये बोलते. ‘फाइल जतन झाली’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘इतक्या पानांपैकी इतकी छापली’ अशी ती वाक्ये असतात. संगणकवाले त्यांना स्ट्रिंग म्हणतात. आज्ञावली लिहिणारा ती इंग्रजीत लिहितो. मग ती सगळी उपसून एका वेगळ्या फाइलीत ठेवतात. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली एक रिकामी ओळ असते आणि तिथे आपण आपल्या भाषेतले वाक्य भरायचे असते. मुक्त आज्ञावल्यांसाठी ‘जीएनयू गेटटेक्स्ट’ नावाची ही पद्धत १९९०च्या दशकात आली आणि आजही ती रुळलेली आहे. मी ज्या फाइली तपासतो त्या याच पद्धतीच्या.

अडचण अशी की या वाक्यांच्या पोटातच खुणा असतात. टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेले एखादे इंग्रजी अक्षर म्हणजे ‘इथे ऐन वेळी कोणाचे तरी नाव किंवा आकडा येईल’. कोनदार कंसातले अक्षर म्हणजे ‘इथून पुढे ठळक’. एक तिरकी रेघ आणि एक अक्षर म्हणजे ‘इथे ओळ मोडा’. भाषांतर करणाऱ्याला एकच नियम सांगितलेला असतो: शब्द बदला, खुणांना हात लावू नका.

नियम ऐकायला सोपा आहे. पण चार-पाच वर्षे हे काम केल्यावर मला त्यात एक जुना नैतिक प्रश्न दिसू लागला आहे. दुसऱ्याने रचलेल्या गोष्टीत आपण हात घालतो तेव्हा त्यातल्या ज्या खुणांचा अर्थ आपल्याला पुरता कळत नाही, ज्या वाचकाला कधी दिसणारही नाहीत, त्यांच्याशी प्रामाणिक राहायचे म्हणजे काय करायचे? नुसता हात न लावणे पुरेसे आहे काय?

उदाहरणावाचून हे कळणार नाही. सोयीसाठी मी दोन खुणांना [क] आणि [ख] म्हणतो. इंग्रजीत आधी भाग येतो आणि मग संपूर्ण. ‘तीन ऑफ टेन’ असे ते म्हणतात. आपण नेमके उलटे बोलतो. ‘दहापैकी तीन’ म्हणताना आधी संपूर्ण सांगतो आणि मग भाग. आता इंग्रजी वाक्यात [क] आधी आणि [ख] नंतर आहे. भाषांतर करणाऱ्या भल्या माणसाने नियम पाळला, खुणा जागच्या जागी ठेवल्या आणि मधल्या ‘ऑफ’चे ‘पैकी’ केले. वाक्य झाले, ‘[क] पैकी [ख] पाने छापली’. पडद्यावर उमटले, ‘३ पैकी १० पाने छापली’. एकही खूण मोडली नाही, एकही शब्द चुकला नाही, आणि वाक्य मात्र खोटे झाले.

या फाइली तपासणारा एक यांत्रिक पहारेकरी असतो. मूळ वाक्यात दोन खुणा आहेत, भाषांतरातही दोन आहेत का? तिथे आकडा अपेक्षित आहे, इथेही आकडाच आहे का? एवढे तो पाहतो. वरच्या वाक्याला तो बिनदिक्कत पास करतो, कारण दोन्ही खुणा आकड्याच्याच आहेत. त्याच्या दृष्टीने आकडा तो आकडा.

ज्यांनी ही पद्धत बांधली त्यांना हा धोका ठाऊक होता हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मानले पाहिजे. त्यांनी तोड ठेवली आहे. खुणेच्या पोटात ‘मी पहिली’, ‘मी दुसरी’ असा क्रमांक लिहिता येतो. मग दुसरी खूण आधी आणि पहिली नंतर ठेवली तरी बिघडत नाही. प्रत्येक आकडा आपल्या नेमक्या जागी येऊन बसतो. म्हणजे इथे खुणा हलवणारा इमानदार ठरतो आणि न हलवणारा वाक्य बिघडवतो. खुणेचा मान राखायचा तर ती कोणासाठी जागा धरून बसली आहे हे आधी विचारावे लागते. लग्नाच्या पंगतीत कोणी पाटावर रुमाल टाकून जागा धरली असेल, तर रुमाल सांभाळला म्हणजे आपले काम झाले असे होत नाही. तो कोणासाठी टाकला होता हे माहीत हवे.

हे पानांपुरते असते तर हसून सोडून देता आले असते. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचे निरोप मोबाइलवर मराठीत येऊ लागले तेव्हा गल्लीतल्या एका आजींना आलेल्या निरोपात ३० रुपये ४,५०० दिवसांत भरावेत असे होते. मूळ वाक्यात दिवस आधी आणि रुपये नंतर असणार. मराठी करताना शब्द पुढेमागे झाले आणि खुणा होत्या तिथेच राहिल्या. आजींनी हिशेब केला की बारा वर्षांहून अधिक मुदत आहे. त्या स्वस्थ बसल्या. महिन्याने दंड लागला. त्या निरोपाखाली कोणाचे नाव नव्हते, त्यामुळे रागवायचे तरी कोणावर हेही त्यांना कळेना.

ज्या खुणा दिसतात त्यांची ही कथा. न दिसणाऱ्या खुणांची गोष्ट आणखी बिकट आहे, आणि ती तर आपल्या मराठीचीच आहे.

‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. पहिला विद्वानाला, दुसरा स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. फरक आहे तो ‘र’च्या एका वळणाचा, एकीकडे रफार माथ्यावर चढतो, दुसरीकडे ‘र’ पापणीच्या केसासारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला टेकतो. हा आडवा ‘र’ संगणकात दोन प्रकारे लिहितात. एक म्हणजे बुडाशी टिंब असलेले ‘ऱ’ हे अक्षर वापरून. दुसरा म्हणजे साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य चिन्ह घालून. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही. पडद्यावर ते शोधून सापडत नाही. ‘इथे जोड असा दाखव’ एवढेच ते छपाईला सांगते.

आता मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्या असतात. कुठून तरी उचललेल्या मजकुरात नको असलेली अदृश्य चिन्हे शिरतात, ती झाडून टाकणे हे त्यांचे काम. ज्याने असा झाडू बनवला त्याच्या भाषेत या चिन्हाचे काही काम नसेल तर त्याला ते धूळच वाटणार. तो ते झाडतो, आणि दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या पानातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्याचे आचार्य झाले तर तेवढीच त्याची बढती, असे कोणी म्हणेल. पण लग्नाच्या हिशेबात ‘आचार्यास दिले रु. ५,०००’ असे वाचून यजमान बुचकळ्यात पडेल. कन्नड शेजाऱ्यांनाही याची कल्पना आहे. त्यांना ‘रँक’ हा इंग्रजी शब्द आपल्या लिपीत नीट उमटवायचा असला की असेच अदृश्य चिन्ह घालावे लागते. ते गेले की ‘र’ आपली जागा सोडून जोडाक्षराच्या मागे जाऊन बसतो.

मला दिसत नाही म्हणून ते निरुपयोगी आहे, हा तर्क किती सहज होतो! माजघरातली जुनी खुंटी, देवघरातला कोणाचा कोण तो टाक, आजोबांच्या वहीत समासात केलेली फुली, यांच्यावर घर झाडणाऱ्या उत्साही सुनेचा आणि मुलाचा हात असाच पडतो. प्रत्येक जुनी वस्तू ठेवलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. आमच्याही घरात अडगळ पुष्कळ आहे. पण अर्थ कळत नाही एवढ्या एका कारणावरून टाकणे आणि अर्थ विचारून मग टाकणे यांत फरक आहे.

या बाबतीत आपल्या पिढीने एक मोठा धडा पाहिला आहे, जरी तो धडा म्हणून कोणी सांगितला नाही. १९९०च्या दशकात मराठी आणि कन्नड छपाई संगणकावर आली तेव्हा युनिकोड ही सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारी व्यवस्था नुकतीच, १९९१ साली, जन्मली होती आणि छापखान्यापर्यंत पोचायची होती. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टांत संगणकाच्या पोटी साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. त्यांच्यावर फॉन्टचे नाव चिकटवलेले असे, आणि त्या नावामुळे ती पडद्यावर मराठी दिसत. फॉन्टचे नाव म्हणजे खरे तर सजावटीची माहिती. इंग्रजी मजकुराचा फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अर्थ कायम राहतो. आपला फॉन्ट काढला तर भाषाच निघून जाई. उरे तो कंस, चिन्हे आणि इंग्रजी अक्षरांचा खच. त्याच खचाला कन्नड फॉन्ट लावला तर कन्नड अक्षरांचा खच. त्या काळातल्या कित्येक स्मरणिका, कुलवृत्तांत आणि दिवाळी अंक आज फाइलीच्या रूपात अशा अवस्थेत पडून आहेत. मजकूर शाबूत आहे, एक अक्षरही हरवलेले नाही. फक्त तो कोणत्या फॉन्टमध्ये वाचायचा ही खूण हरवली. जे ‘केवळ बाह्यरूप’ म्हणून दुय्यम मानले तेच आपल्या बाबतीत सर्वस्व होते. बाह्यरूप कोणते आणि गाभा कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर प्रत्येक भाषेत एकच येत नाही, हे मला त्या फाइलींनी शिकवले.

आता ज्या खुणेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येतो. ती संशयाची खूण आहे.

आज्ञावली नवी निघते तेव्हा जुनी इंग्रजी वाक्ये थोडीफार बदलतात. गेटटेक्स्टचे एक साधन मग नव्या वाक्याशी मिळतेजुळते जुने वाक्य शोधते, त्याचे जुने भाषांतर नव्या वाक्याखाली आणून ठेवते आणि वर ‘फझी’ अशी खूण करते. फझी म्हणजे अंधुक, संशयित. तात्पर्य, ‘हे जुळेल असे वाटते, पण माणसाने पाहिलेले नाही’. जोवर ही खूण आहे तोवर ते मराठी वाक्य वापरणाऱ्याला दाखवले जात नाही. त्याच्या जागी इंग्रजीच दिसते. कोणी वाचून, सुधारून खूण काढली की मगच मराठी पुढे येते. यंत्राने स्वतःच्या अज्ञानाची इतकी प्रांजळ नोंद करावी हे मला फार लोभस वाटते. माणसे असे क्वचितच करतात.

आमच्याबरोबर काम करणारा एक तरुण आहे, हुशार आहे. एका रात्री त्याने एकाच आज्ञेने सगळ्या फझी खुणा पुसून टाकल्या. प्रगतीचा आकडा शंभर टक्के झाला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, मशीनने पास केलं, मग तुमची अडचण काय?”

“तू ती वाक्यं वाचलीस का?”

“सगळी नाही. पण तुम्हीच सांगा, फझी ठेवलं तर पडद्यावर इंग्रजी येतं. माझ्या आजीला इंग्रजी येत नाही आणि कन्नड सरकारी कागदापुरतं येतं. नव्वद टक्के बरोबर असलेलं मराठी तिला चालेल की शंभर टक्के बरोबर असलेलं इंग्रजी?”

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. परकी अचूकता आणि आपली ढोबळ ओळख यांतून निवड करण्याची वेळ इथे पावलोपावली येते. दवाखान्यात येते, तलाठ्याच्या कचेरीत येते, औषधाच्या चिठ्ठीवर येते. आपली भाषा दिसली की माणसाला धीर येतो, आणि तो धीरही काही कमी मोलाचा नाही.

पण मी त्याला संशयित वाक्यांपैकी एक काढून दाखवले. पूर्वीच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ होता, ‘ही फाइल कायमची पुसली जाणार नाही.’ नव्या आवृत्तीत एक शब्द गेला होता आणि अर्थ झाला होता, ‘ही फाइल कायमची पुसली जाईल.’ दोन वाक्ये इतकी सारखी की यंत्राने जुने मराठी, त्यातल्या ‘नाही’सकट, नव्याखाली आणून ठेवले. त्यावर संशयाची खूण होती, तीच त्या रात्री गेली. त्याच्या आजीने नातवंडांचे फोटो ठेवले असतील त्या जागी हे वाक्य आले असते. इंग्रजी वाक्य आले असते तर ती थांबली असती, कोणाला तरी हाक मारली असती. मराठी आले म्हणून तिने बोट ठेवले असते.

माझे म्हणणे एवढेच होते. परक्या भाषेपुढे माणूस सावध असतो, आपल्या भाषेपुढे तो ढाल खाली ठेवतो. म्हणून आपल्या भाषेतल्या खोट्या वाक्याचे ओझे दुप्पट. त्याच्या नव्वद टक्क्यांना माझी हरकत नव्हती. त्या दहा टक्क्यांवरची खूण पुसण्याला होती. खूण पुसणे म्हणजे ‘मी हे वाचले आहे’ अशी सही करणे, आणि ती सही त्याने शेकडो वाक्यांवर एका रात्रीत केली होती.

या फाइलींच्या माथ्यावर शेवटचा हात कोणाचा फिरला त्याचे नाव आणि तारीख लिहिण्याची जागा असते. ती पाहिली की मला नाथांची आठवण होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सुमारे तीन शतकांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, ते त्यांनी नीट केले. ग्रंथ कोणी शोधला आणि कधी, हे त्यांनी नोंदवून ठेवले आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतः कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालताना स्वतःची ओवी बाहेर ठेवावी, आणि जो हात घातला त्याची जबाबदारी मात्र उघडपणे घ्यावी, याला मी संपादनाचा आदर्श मानतो. बिघडवणाऱ्या नकलाकारांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. वाईट हेतू त्यांच्यातल्या फार थोड्यांचा असेल. बहुतेकांनी न कळलेला शब्द ‘सुधारला’ असेल, आणि सुधारला असे कुठे लिहून ठेवले नसेल.

तरुणाने दुसऱ्या दिवशी जुनी फाइल परत आणली. आम्ही दोघांनी बसून ती वाक्ये वाचायला घेतली. काही आठवडे गेले. तो माझ्याशी पूर्ण सहमत झाला असे नाही. त्याचे म्हणणे, संशयित मराठीही दाखवावे, फक्त शेजारी संशयाची खूण वाचकाला दिसेल अशी ठेवावी. ही सूचना वाईट नाही. मला तिचे उत्तर अजून सुचलेले नाही.

राहिला प्रश्न चुकीच्या खुणांचा. खूण रचणाऱ्याला आपली भाषा ठाऊकच नसेल तर? एका एसटीच्या वेळापत्रकाच्या आज्ञावलीत वाक्य होते, ‘[क]हून सुटणारी गाडी’. धारवाडहून ठीक, निपाणीहूनही ठीक. पण पुणे आले की ‘पुणेहून’ आणि गोवा आला की ‘गोवाहून’. मराठीत नाव प्रत्ययाला सामोरे जाताना वाकते, सामान्यरूप घेते. इंग्रजीत ते ताठ राहते, म्हणून खूण रचणाऱ्याला वाकण्याची जागा ठेवावी असे सुचलेच नाही. यावर सरकारी मराठीची एक पळवाट आहे. ‘पुणे येथून’, ‘गोवा येथून’ म्हटले की नाव न वाकता काम होते. माणसांसाठी ‘यांनी’ आहेच. ‘[क] यांनी निरोप पाठवला’ म्हटले की नावही वाकत नाही आणि पाठवणारा पुरुष की बाई हेही विचारावे लागत नाही, कारण क्रियापद निरोपाच्या मागे जाते. युक्ती मोठी नामी आहे. पण घरात कोणी ‘मी पुणे येथून आलो’ म्हणत नाही. अशा शंभर पळवाटा जमल्या की यंत्र आपल्याशी कायम कचेरीच्या खिडकीतून बोलू लागते, आणि नातवंडांना तीच खरी मराठी वाटू लागते.

इथे मोह होतो तो गुपचूप खूणच मोडून टाकण्याचा. तो टाळावा असे माझे मत आहे, कारण आपण मोडलेली खूण दुसऱ्या कोणाच्या पायात येते. या फाइलीत भाषांतरकाराने शेरा लिहावा अशी ओळ असते. समास अगदीच गेलेला नाही. तिथे आम्ही लिहिले. कन्नड भाषांतर करणाऱ्या बाईंना दाखवले तर त्या हसल्या. त्यांचीही तीच तक्रार होती. त्यांच्याकडे धारवाडला ‘दिंद’ लागतो आणि पुण्याला ‘यिंद’. एक प्रत्यय सगळ्या गावांना चालत नाही. दोन भाषांचा एकच अर्ज गेला. गावाच्या प्रत्येक नावाबरोबर प्रत्यय घेतलेले रूप ठेवण्यासाठी वेगळा रकाना द्यावा, एवढीच मागणी होती.

रकाना मिळाला. पुण्याहून आणि गोव्याहून गाड्या आता नीट सुटतात. खानापूर तेवढे राहिले आहे. ते ‘खानापूरहून’ लिहावे की ‘खानापुराहून’, यावर त्या तरुणाचे आणि माझे अजून जमत नाही, म्हणून त्या ओळीवर आम्ही फझी ठेवले आहे.